बिननंबरी अर्ज

आवकबाई रागावल्या की शिक्का जोरात मारायच्या. एरवी शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर हलकेच उमटवतील. पण डोकं फिरलं की असा दणका, की जिन्यापलीकडच्या लेखा शाखेतले लोक एकमेकांना खुणावत. आज तिकडे फिरकू नका. त्या मंगळवारी सकाळी अकरापासून दणके चालू होते. राग कुणा परक्यावर असता तर तासाभरात विझला असता. तो होता स्वतःवर, म्हणून काही केल्या शमत नव्हता.

बावीस वर्षं त्या एकाच खिडकीशी बसत होत्या. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या हाताखालून जायचा. आवक नोंदवहीत नंबर, तारीख, कुणाकडून, कशाबद्दल. मग शिक्का, आणि देणाऱ्याच्या हातात पोच. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं, बाकी साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या आवकबाई. खिडकीशी आलेल्या माणसाला त्या हमखास बजावायच्या, की बाबा रे, पोच घेतल्याशिवाय जागचा हलू नकोस. नंबर नसलेला कागद म्हणजे रद्दी. उद्या म्हणतील, तुम्ही आलाच नव्हता, मग दाखवाल काय, कपाळ? म्हातारी माणसं हसायची, पण पोचेची घडी करून जपून आतल्या खिशात घालायची.

आणि याच बाईंनी सहा महिन्यांपूर्वी स्वतःच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अर्ज बिननंबरी, बिनशिक्क्याचा, साहेबांच्या हातात ठेवला होता. पोच न घेता. वर आभार मानून.

अर्ज होता ना-हरकतीचा. आवकबाई लोकप्रशासनात एम.ए. करत होत्या, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून. हे खूळ कुठून शिरलं ते सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वी शिवणकामाचं लहानसं दुकान चालवणारी एक बाई परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज घेऊन आली. मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. घरात आजारपण होतं, ती सांगत होती, आवकबाई ऐकत होत्या, पण नियम म्हणजे नियम. अर्ज परत केला. तिने काही भांडण केलं नाही, नुसती मान हलवली आणि गेली. त्याच दुपारी साहेबांच्या केबिनमधून एक कागद आला, पाच दिवस उशिराचा. तो आवकबाईंनी पाच दिवसांपूर्वीच्या तारखेला, मुकाट्याने, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात नोंदवला.

कारण जागा ठेवलेलीच असायची. रोज संध्याकाळी वही बंद करताना पानाच्या शेवटी दोन ओळी रिकाम्या सोडायच्या, ही त्या टेबलाची रीत. लेखी आदेश कुणी कधी पाहिला नव्हता. आवकबाईंच्या आधीच्या बाबूंनी जाताना डिंकाची बाटली कुठे असते हे जसं सांगितलं, तसंच हेही सांगितलं. त्यांना सगळे 'साहेबांच्या ओळी' म्हणायचे. उशिरा आलेला पण वजनदार माणसाचा कागद तिथे जाऊन निवांत बसायचा, जणू पहिल्या अंकापासून रंगमंचावरच होता.

त्या रात्री आवकबाईंना जेवण गेलं नाही. त्यांचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दिवसभर दुसऱ्याची नजर सुधारून घरी येतो आणि घरात कमी बोलतो. तो म्हणाला, एवढं डाचतंय तर कुणाला तरी विचार, कचेरीचा कारभार कसा असावा हे शिकवतात म्हणे कुठेतरी. बाईंनी चौकशी केली, आणि खरंच शिकवत होते. महिन्यातले दोन रविवार वर्ग, बाकी घरी अभ्यास. घरातलं एकुलतं एक टेबल, एका बाजूला कॉलेजातली मुलगी, दुसऱ्या बाजूला आई. मुलगी आईच्या व्याख्या तपासायची आणि टोमणे मारायची. "आई, नापास झालीस तर प्रगतिपुस्तकावर सही बाबांची घेणार की माझी?" आई नापास झाली नाही. सगळे पेपर सुटले, दोन तर वर्गात पहिल्या नंबराने.

उरला होता प्रबंध. मार्गदर्शक बाईंनी भलेमोठे विषय सुचवले, सुशासन काय, पारदर्शकता काय. आवकबाई म्हणाल्या, मला दोन ओळींवर लिहायचंय. मार्गदर्शक बाई आधी हसल्या, मग ऐकत गेल्या, आणि शेवटी म्हणाल्या, लिहा.

दहा वर्षांच्या वह्या बाईंनी कार्यालय सुटल्यावर बसून चाळल्या. चार हजार आठशे ओळी सोडल्या होत्या. त्यातल्या सहाशे बारा मागाहून भरल्या होत्या, सगळ्या त्यांच्याच अक्षरात. त्या सहाशे बारा कागदांत शिवणकाम करणाऱ्या बाईसारख्या एकाही माणसाचा कागद नव्हता. एकही नाही. आणि कार्यपद्धतीच्या पुस्तकात, जे पुस्तक बावीस वर्षं त्यांच्याच खणात डिंकाच्या बाटलीखाली पडलेलं होतं, स्पष्ट लिहिलं होतं, की दिवसअखेर नोंदवहीतल्या रिकाम्या जागेवर रेघ मारून आद्याक्षरी करावी. ते वाचून बाईंच्या कानाला ऊन लागल्यासारखं झालं. प्रबंधात त्यांनी पहिल्याच पानावर लिहिलं, की या नोंदी करणारी कर्मचारी प्रस्तुत लेखिकाच आहे.

प्रबंधाला कार्यालयाची ना-हरकत लागते, आणि तिचा अर्ज तीन महिने आधी द्यावा लागतो. बाईंनी सहा महिने आधी लिहिला. नंबर टाकायला वही ओढली, तेवढ्यात साहेब जिना चढून आले. सहा वर्षांत त्यांनी या टेबलाशी थांबून साधी विचारपूस केली नव्हती. त्या दिवशी थांबले, कागद उचलला आणि म्हणाले, तुम्ही घरच्याच की हो, तुम्हाला नंबर कशाला, करतो मी. बाई हरखल्या. इतक्या वर्षांनी कुणी आपल्याला घरचं म्हटलं, या एका शब्दावर त्या विरघळल्या आणि हातातला शिक्का खाली ठेवला.

अर्जात प्रबंधाचं शीर्षक होतं. साहेबांनी ते केबिनमध्ये वाचलं असणार, कारण अर्ज खणात गेला तो गेलाच. बाईंनी दोनदा आठवण केली, दोनदा उत्तर मिळालं, बघतो. आता तो मंगळवार उजाडला होता आणि गुरुवार शेवटचा दिवस होता. गुरुवारी प्रबंध दाखल झाला नाही, तर नोंदणीची पाच वर्षं संपत होती आणि आधीचे सगळे पेपर केराच्या टोपलीत.

बारा वाजता त्या केबिनमध्ये गेल्या. साहेब काही राक्षस नव्हते. गुळगुळीत माणूस, आवाज कधी चढणार नाही. त्यांनी खण उघडलासुद्धा नाही.

"तुमचा अर्ज? नंबर काय त्याचा?"

ज्या वाक्याची धास्ती बाई जगाला घालत आल्या होत्या, ते आज त्यांच्या तोंडावर फेकलं गेलं होतं.

"तुम्हीच म्हणालात नंबर नको."

"मी पुष्कळ काही म्हणत असतो हो. रेकॉर्डला काय आहे ते सांगा." मग ते खुर्चीत मागे रेलले आणि समजुतीच्या सुरात पुढे म्हणाले, "बाई, एवढं तोंड पाडू नका. सहा महिन्यांपूर्वीचं पान काढा. दोन ओळी असतीलच खाली. घाला तिथं तुमचा अर्ज, आणा वही, मी लगेच सही करतो. दोन मिनिटांचं काम."

ते हसले. त्या हसण्यात कपट असतं तरी बाईंना बरं वाटलं असतं. ते मनापासून मदत करत होते. फक्त त्या मदतीनंतर प्रबंधात सहाशे बाराऐवजी सहाशे तेरा लिहावं लागणार होतं, आणि ती सहाशे तेरावी ओळ कुणाची हे साहेबांना कायम ठाऊक राहणार होतं.

बाई टेबलाशी आल्या. कपाटातून जुनी वही काढली, ते पान उघडलं. दोन ओळी होत्या, स्वच्छ, कोऱ्या. खोटं कुठे होतं त्यात? अर्ज खरंच त्या दिवशी दिला होता. लिहिलं तर जे घडलं तेच लिहिलं जाणार होतं. पेन उघडून त्या बराच वेळ बसल्या. पाच वर्षांचे रविवार डोळ्यांपुढे आले, टेबलाच्या पलीकडून पेंगणारी मुलगी आली. मग खिडकीशी कुणीतरी अर्ज पुढे सरकवला आणि विचारलं, "बाई, उद्याची शेवटची तारीख आहे ना हो? आज दिला तर चालेल?" एक साधा, घाबरलेला माणूस, तारीख पाळण्यासाठी अर्धा दिवस रजा टाकून आलेला.

बाईंनी त्याला नंबर दिला, पोच दिली. मग पट्टी घेतली, त्या दोन कोऱ्या ओळींवर तिरकी रेघ मारली, खाली आद्याक्षरी केली आणि तारीख घातली, आजची. त्यानंतर कोरा कागद घेऊन नवा अर्ज लिहिला. ना-हरकत मिळावी, मूळ अर्ज अमुक तारखेला समक्ष दिला होता, तीन महिन्यांची अट कारणे नमूद करून शिथिल करण्याचा अधिकार आपणास आहे, नियम अमुक. हा नियम त्यांना दुसऱ्या वर्षाच्या तिसऱ्या पेपरात भेटला होता. अर्ज वहीत चढला. शिक्क्याचा असा दणका बसला, की शिपाई धावत आला.

"साहेबांना दे. आणि सही घे मिळाल्याची."

पाऊण तासाने अर्ज परतला. समासात लाल शाईत दोन शब्द होते: चर्चा करावी.

हे दोन शब्द ज्या कागदावर पडतात, तो कागद मेला असं कार्यालयात सगळे समजतात. चर्चा कुणी कधी करत नाही. कुणाशी, केव्हा, कुठे, काही लिहिलेलं नसतं. आवकबाईंनी अर्ज उचलला, सरळ केबिनमध्ये गेल्या, आणि बावीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. साहेबांसमोरची खुर्ची ओढली आणि बसल्या.

"आले चर्चेला."

साहेब म्हणाले, आत्ता बैठक आहे. बाई म्हणाल्या, थांबते. बैठक झाली, माणसं आली, चहा आला, माणसं गेली. बाई खुर्चीतच. येणारा जाणारा आधी बाईंकडे बघायचा आणि मग साहेबांकडे, आणि साहेब फोन कानाला लावायचे. बाहेर खिडकीशी लेखा शाखेतला एक जण आपणहून जाऊन बसला आणि कागद घेऊ लागला. तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साडेचारला साहेबांच्या आवाजाचा गुळगुळीतपणा पहिल्यांदा खरवडला गेला.

"बाई, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

"कारण. अट शिथिल करायला कारण लिहावं लागतं. जे घडलं ते लिहा."

त्यांनी कागद ओढला, भराभरा लिहिलं, सही ठोकली आणि भिरकावल्यासारखा पुढे सरकवला. बाईंनी शांतपणे वाचला. 'अर्जदार महिला कर्मचारी असून त्यांची शिक्षणाची आवड लक्षात घेता, विशेष बाब म्हणून सहानुभूतिपूर्वक ना-हरकत देण्यात येत आहे.'

आणि मग मात्र दिवसभराचा, वर्षानुवर्षांचा राग एकदम वर आला. सही झाली होती. कागद उचलून चालतं व्हायचं एवढंच उरलं होतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. बाईंनी कागद परत त्यांच्यापुढे ठेवला, आणि त्यांचा आवाज इतका खाली गेला की दारातल्या शिपायाला कान द्यावा लागला.

"सहानुभूती खोडा."

"काय?"

"मी उशीर केला नाही. मला माफी नको. माझा कागद सहा महिने तुमच्या खणात होता, आणि तुम्ही मला दया दाखवताय? ते शब्द खोडा आणि कारण लिहा. नाहीतर हाच कागद मी असाच्या असा प्रबंधाला जोडते, आणि त्याखाली खणाची हकिगत माझ्या सहीनिशी लिहिते. परीक्षक वाचतील, मग लायब्ररीत राहील. ज्याला हवं तो वाचेल."

साहेबांनी आवकबाईंकडे असं पाहिलं, जणू हे कुणी भलतंच माणूस आत आलं आहे. मग पेनचं टोपण काढलं. दोन ओळी खोडल्या, आद्याक्षरी केली, वर बारीक अक्षरात लिहिलं: 'मूळ अर्ज या कार्यालयाकडे प्रलंबित राहिल्याने.' 'माझ्याकडे' असं लिहिणं त्यांच्या हाताला झेपलं नाही. बाईंनी क्षणभर विचार केला, आणि तेवढं सोडून दिलं.

प्रबंध बुधवारी दाखल झाला. तीन महिन्यांनी पदवी मिळाली, आणि त्याआधीच बदली. तळघरातल्या अभिलेख कक्षात, 'प्रशासकीय सोय' म्हणून. नवरा म्हणाला, जाऊ दे, डिग्री तर मिळाली ना, आता तरी राग सोड. बाई भांडी विसळत होत्या. म्हणाल्या, "अहो, जुन्या वह्या सगळ्या खाली तळघरातच असतात. दहाच वर्षांच्या बघून झाल्यात माझ्या."