गच्चीवरून आलेली हाक

दादाचं जहाज बेपत्ता झाल्यानंतर आमच्या घरात दोन पक्ष पडले. बाबांना बातमी हवी होती. आईला नको होती.

दादा माझ्याहून मोठा. मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता. त्याचं जहाज कुठल्याशा परदेशी बंदरातून खनिज भरून निघालं आणि वाटेत कधीतरी त्याचा रेडिओ गप्प झाला. आधी तार आली, मग कंपनीचा माणूस आला. पाय जुळवून खुर्चीच्या टोकावर बसला. ‘बुडालं’ हा शब्द त्याने शेवटपर्यंत उच्चारला नाही. “संपर्क तुटलाय,” एवढंच म्हणाला. आम्ही त्या शब्दाला धरून राहिलो. तुटलेला संपर्क जोडताही येतो, असं आम्हाला तेव्हा वाटायचं.

आमचं घर बेलापूरला, डोंगराच्या अंगाला. बैठं रो-हाऊस, वर गच्ची. दादरच्या दोन खोल्या सोडून इथे यावं हा दादाचाच हट्ट होता. वसाहत नवी होती. शेजारची दोन्ही घरं मालकांनी घेऊन नुसती कुलूप लावून ठेवली होती. दुपारी रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. मोकळ्या प्लॉटांवरच्या गवतातून वारा सुटायचा आणि डोंगरापलीकडच्या खाणीत सुरुंग उडाले की खिडक्यांची तावदानं वाजायची. तावदान वाजलं की आई दाराकडे बघायची.

तिने घराबाहेर पडणं सोडलं होतं. “तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?” हे तिचं एकच म्हणणं. मामा एकदा समजावायला आले होते. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते, नंतर काय ते विधी करायचे असतात, असं ते चहा पिता पिता बोलून गेले. आईने त्यांच्या पुढ्यातली बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली. मामा पुन्हा त्या विषयावर आले नाहीत.

दादा जिना चढताना मधली एक पायरी गाळायचा. थप, थप, मग जरा थांबून थप. तो आवाज मला अजून यायचा. दुपारी शाळेतून शिकवून यावं, चप्पल काढावी, आणि जिन्यावर तो आवाज. मला वाटायचं माझ्याच डोक्यात काहीतरी झालंय. एके दिवशी तो आवाज आला तेव्हा मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं होतं आणि ते जिन्याकडे बघत होते. मग त्यांनी पान उलटलं.

डिशची कल्पना बाबांच्या ऑफिसमधल्या कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातली. परदेशी चॅनेलवर दिवसभर बातम्याच असतात, जगातली बंदरं दाखवतात, अपघात दाखवतात, सापडलेली माणसं दाखवतात. आपल्या बातम्यांत दादाच्या जहाजावर एक वाक्य आलं होतं आणि पुढे हवामान सुरू झालं होतं. बाबा ते विसरले नव्हते. केबल आमच्या गल्लीपर्यंत अजून पोचली नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःची डिश बसवायचं ठरवलं.

“ते घरात आणू नका,” आई म्हणाली.

“का?”

“वाईट बातमीला तुम्ही हाताने रस्ता करून देताय.”

पण डिश आली.

टेम्पोतून जाळीच्या मोठमोठ्या पाकळ्या उतरल्या. बसवणारा माणूस चाळिशीचा, मूळचा साताऱ्याकडचा, बोनकोड्याला भाड्याच्या खोलीत राहणारा. बरोबर त्याचा मेव्हणा होता, तो दिवसभर एक शब्द बोलला नाही. दोघांनी पाकळ्या जपून, भिंतीला न लावता वर नेल्या. जिन्यात दादाची सायकल टेकवलेली होती. ती बाजूला घेण्याआधी त्या माणसाने विचारलं, “हलवू का, काकू?” आईने मानेनेच हो म्हटलं. त्याने सायकल उचलून अंगणात नेली आणि काम संपल्यावर जशी होती तशी, पुढचं चाक भिंतीकडे वळवून, परत ठेवली. आईने ते बघितलं होतं. मीही.

“काय बघायचंय, काका? क्रिकेट, का पिक्चर?” त्याने बाबांना विचारलं.

“बातम्या,” बाबा म्हणाले. “बाहेरच्या.”

खांब आधीच रोवून झाला होता. दुपारपर्यंत पाकळ्या जोडून डिशची छत्री त्यावर चढली, आकाशाकडे तोंड करून. मग खरं काम सुरू झालं. तो वर छत्री बोट बोट फिरवणार, बाबा जिन्यात उभे, आणि मी खाली टीव्हीसमोर. पडद्यावर नुसत्या मुंग्या. चित्र उमटलं की मी ओरडून सांगायचं, असं ठरलं. आई स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती.

वरून त्याचा खणखणीत आवाज आला, “आला का?”

“नाही आला!” मी ओरडले.

खर्रर्र करत छत्री सरकली. “आता? आला का?”

“नाही!”

स्वयंपाकघरातला विळीचा आवाज थांबला. आई दारात येऊन उभी राहिली, हात भेंडीने चिकट झालेले. “कोण विचारतंय?” तिने हळूच विचारलं. “कोण आला का म्हणून?”

“सिग्नल, आई. सिग्नल आला का विचारतायत.”

तिने मान डोलावली, पण हलली नाही. वरून पुन्हा हाक आली, “ओ ताई! आला का?”

मला उत्तर देता येईना. मी आईकडेच बघत राहिले. जिन्यातून बाबांनी तरी सांगायचं, पण तेही गप्प. वरच्या माणसाला वाटलं आम्हाला ऐकू गेलं नाही. त्याने कठड्यावरून वाकून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज टाकला, “अहो, आला का तो?”

“नाही आला,” आई म्हणाली. मग पदराला हात पुसून ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, “नाही आला अजून!”

त्यानंतर तीच उत्तरं देऊ लागली. तिची नजर पडद्यावर होती. एकदा मुंग्यांमधून एक माणूस उमटला, खांदे आणि डोकं, आणि विरघळला.

“आला! आला!” आई ओरडली. “थांबा, हलवू नका! ...गेला.”

“गेला?”

“आत्ता होता हो. गेला.”

“जातोय कुठं, काकू,” वरून तो म्हणाला. “हितंच हाय त्यो. आणतो बगा परत.”

बाबा जिन्याच्या पायरीवर खाली बसले. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, कठडा धरलेला हात तेवढा दिसत होता.

छत्री पुन्हा खरखरली, थांबली, अगदी थोडी मागे आली. आणि एकदम पडदा उजळला. निळा रंग इतका निळा मी आमच्या टीव्हीवर कधी पाहिला नव्हता. कुठलीतरी बाई हसत हसत साबण दाखवत होती आणि तिच्या पापण्यासुद्धा मोजता आल्या असत्या.

“आला!” आई म्हणाली. “आला. आला हो.” तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फाटला.

तो माणूस पान्हे खिशात कोंबत खाली आला, आणि दारातच थबकला. साबणाच्या जाहिरातीसमोर आम्ही तिघंही रडत होतो.

“काय झालं? चित्र बरोबर न्हाई का?”

बाबांनी त्याला सांगितलं. थोडक्यात, ऑफिसात टिपण वाचावं तसं. तो तिथेच जमिनीवर बसला. “मला ठाव न्हवतं, काकू,” तो म्हणाला. “मी आपला वरनं वरडत सुटलोय.”

आईने त्याला पाणी दिलं. अजून दोन-तीन चॅनेल लावायची राहिली होती. तो वर गेला. या वेळी खाली आवाज आला तो बेताचा, “चित्र दिसतंय का, ताई?”

आई जिन्यापाशी गेली. “तसं नको,” ती म्हणाली. “मघासारखंच विचारा.”

वर छत्री एकदा खरखरली. मग त्याने विचारलं. आईने उत्तर दिलं. संध्याकाळपर्यंत ती हाक आमच्या घरातून वर-खाली येत-जात राहिली. कितीतरी महिन्यांत त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. निघताना आईने त्या दोघांना जेवायला बसवलं आणि भेंडीची भाजी आग्रह करकरून वाढली.

त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी बातम्यांसमोर बसायला लागले. इंग्रजी उच्चार त्यांना सगळे कळायचे नाहीत, पण ते ऐकत नव्हतेच. ते गर्दी बघायचे. कुठे संप असो, पूर असो, निवडणूक असो, वार्ताहराच्या मागून जाणाऱ्या माणसांवर त्यांची नजर असायची. हळूहळू मलाही ती सवय लागली. पुढच्या माणसाचं बोलणं ऐकूच यायचं नाही, मागचे चेहरे तेवढे दिसायचे. आई यायची, दारात उभी राहायची, आणि समुद्र दिसला की आत निघून जायची.

एका रविवारी सकाळी एक बंदर दाखवलं. क्रेन, धुकं, धक्क्यावरून पाठमोरा चालणारा निळ्या बॉयलरसूटमधला माणूस. डावा खांदा जरा खाली पाडून चालणारा. दादा तसाच चालायचा, लहानपणी झाडावरून पडून हाड वेडंवाकडं जुळलं होतं म्हणून. चित्र क्षणभरच होतं. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे, आणि दारातून आई म्हणाली, “तोच.”

बाबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्या डिशवाल्याला फोन केला. निघून गेलेलं चित्र परत आणता येतं का, असं विचारायचं होतं त्यांना. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, “त्या बातम्या फिरून फिरून तेच दावतात. मी आलोच.” आला तो स्कूटरवर, मेव्हण्याच्या मांडीवर व्हीसीआर देऊन. ओळखीच्या दुकानातून मागून आणला होता. त्याने वायरी जोडल्या, कोरी कॅसेट घातली आणि आम्ही वाट बघत बसलो. चहा झाला, पण कुणी प्यायलं नाही. कपांवर साय धरली.

बातमी परत आली. क्रेन, धुकं, पाठमोरा माणूस. आणि यावेळी चित्र जरा लांबलं. कुणीतरी हाक मारली असावी, त्या माणसाने वळून बघितलं. डिशवाल्याने कॅसेट मागे घेतली आणि तिथे थांबवली. थरथरणाऱ्या रेघांमध्ये चेहरा अडकून राहिला.

आई उठली. टीव्हीच्या इतकी जवळ गेली की तिच्या कपाळावर पडद्याचा निळसर उजेड पडला. तिने बराच वेळ पाहिलं.

“हा नाही,” ती म्हणाली.

मला आणि बाबांना ते आधीच कळलं होतं. नाक वेगळं होतं, वयही जास्त. पण ते तिनेच म्हणायला हवं होतं. ती तिथेच उभी होती. मग पडद्याकडे बघतच म्हणाली, “सुखरूप आहे ना पण. आहे कुणाचा तरी.”

“टेप ठेवू का?” डिशवाल्याने विचारलं.

“नको. दुसऱ्याचं पोर आहे.”

त्याने कॅसेट काढून घेतली. लगेच मात्र निघाला नाही. गच्चीवर जाऊन छत्रीचे नट तपासून आला, काही गरज नसताना. मग आईने नवा चहा केला आणि तो सगळ्यांनी प्यायला.

त्या दिवसानंतर बाबा पुन्हा बातम्यांसमोर बसले नाहीत. मला वाटलं आता टीव्ही बंदच राहणार, पण झालं उलटंच. शाळेतून आले की आई टीव्हीसमोर दिसायची. ती बातम्या बघायची नाही. बातम्यांनंतर साऱ्या जगाचं हवामान दाखवायचे, नकाशे, त्यावर सूर्य, ढग, तिरप्या रेघा. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण ती चिन्हं तिने आपली आपण लावून घेतली होती. कुठला देश कुठे, हे माझ्या शाळेच्या नकाशावरून शिकली. दादाच्या जहाजाची वाट ज्या समुद्रातून होती तो नकाशा आला की हातातलं काम ठेवून पुढे सरकून बसायची. रात्री पानं वाढताना सहज सांगायची, “तिकडे आज वारा नाही.” किंवा, “ढग आहेत, पण पाऊस नसावा.” बाबा वरण कालवता कालवता म्हणायचे, “बरं झालं.”

आमच्याकडे आलेल्या माणसांना ते विचित्र वाटायचं. मलाही एकदा राहवलं नाही. मी विचारलं, “आई, तुला खरंच वाटतं का गं, तो तिकडे आहे?”

ती रुमालांच्या घड्या घालत होती. हातातली घडी पूर्ण केली.

“ते मला नाही ठाऊक,” ती म्हणाली. “पण कुठे ना कुठे असेलच ना, कसा का असेना. तिथे हवा कशी आहे एवढं तरी कळावं.”

मग तिने आवाज थोडा वाढवला, कारण नकाशा बदलत होता.