सायकलची चेन आणि खालचा नळ

"इथे नको. खाली पार्किंगमध्ये नळ आहे, गाड्या धुवायचा. तिथे धुवून ये."

बाई ओरडल्या नाहीत. आवाज अगदी मऊ. मी परळच्या एका टॉवरमध्ये, त्यांच्या हॉलमध्ये उभी होते. खांद्यावर लॅबची बॅग आणि दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. समोर खुर्चीत त्यांचे सासरे बाही वर सारून बसलेले, उपाशीपोटी, रक्त द्यायला. आणि हॉलच्या कडेला बेसिन. पांढरंशुभ्र. साबणाची बाटली, घडी घातलेला टॉवेल, सगळं मला दिसत होतं.

मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. घोडपदेवला राहते, सायकलवर फिरते. त्या सकाळी वाटेत चेन उतरली. बोटांनी ओढून चढवली आणि हातांची ही दशा झाली. अशा हातांनी कुणाला सुई लावू नये, हे मला कुणी शिकवायला नको. बाईंनी मला तशीच परत पाठवली असती, तरी मी ब्र काढला नसता. पण मी आपण होऊन म्हटलं होतं, हात धुते. बेसिन समोर होतं.

गेले मी खाली. सामानाच्या लिफ्टने गेले. गाडी धुणाऱ्या माणसाने पाइप माझ्या हातांवर धरला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. त्याला न सांगता कळलं असावं. कपड्याच्या साबणाने खरडून खरडून मी हात लाल केले, वर आले, रक्त घेतलं. सुई पहिल्याच खेपेला बरोबर लागली.

"थँक यू हं," बाई म्हणाल्या.

मी लॅबमध्ये पोचायच्या आत तक्रार पोचली होती. सरांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मुलगी गलिच्छ हातांनी आली. एवढंच. नळाबद्दल एक अक्षर नाही. सर म्हणाले, "ताई, ती सायकल सोडा आता. बसने जात जा. पुन्हा असं झालं तर तुम्हाला काउंटरवर बसवावं लागेल."

काउंटर म्हणजे दिवसभर काचेमागे बसून पावत्या फाडायच्या. मला नको होतं ते. फेरीवर असते तेव्हा मला कुणी विचारत नाही, कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस. सकाळी रस्ते रिकामे असतात, सायकल माझी, वेळ माझा. लहानपणापासून चाळीच्या एका खोलीत सगळ्यांच्या नजरेखाली वाढलेल्या बाईला ते काय असतं, ते तिलाच ठाऊक.

त्या दिवशी मला बाईंचा राग आला नाही. चेनचा आला. हात काळे झाले म्हणून हे ऐकावं लागलं, असंच मी धरून चालले. हात काळे व्हायला नकोत. मग कुणाची बिशाद आहे बोलायची.

आमच्या इथल्या वाचनालयात सायकल दुरुस्तीचं एक जुनं पुस्तक मिळालं. पानं पिवळी, चित्रं पुसट. शिवाय मोबाइलवर एक इंग्रजी गाईड उतरवून घेतलं, अडलेले शब्द शोधत वाचलं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच माझी चूक छापलेली होती: चेनला खाण्याचं किंवा केसांचं तेल घालू नये.

मी खोबरेल घालत होते. आम्ही कोकणातली माणसं. आमच्या घरात जे कुरकुरेल त्याला खोबरेल. दाराच्या बिजागरीला, विळीला, डोक्याला, सगळ्याला तीच बाटली. चेनलाही मी मोठ्या मायेने ओतत होते. ते तेल चिकट होतं, त्यावर रस्त्याची धूळ बसते, त्याचं लोणी होतं काळं. वर चेन सैल. उतरणार नाही तर काय करणार?

आता पाना हवा होता. पाने होते घरात. बाबा गिरणीत फिटर होते. ते गेले तशी त्यांची हत्यारांची पेटी खाटेखाली गेली. दसऱ्याला बाहेर काढायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ. मग परत आत. माझ्या भावाने त्यातलं एक हत्यार कधी हातात धरलं नाही. पण पेटी त्याची. तसं कुणी बोललं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

मी पेटी ओढली तशी आई धावत आली.

"अगो, पूजेची हत्यारां ती. कित्याक काढतस?"

"वापरायला."

"दादाक येव दे. तो बघीत."

"दादाला साधी हवा भरायलासुद्धा दुकान लागतं, आई."

बहुतेक पाने गिरणीतल्या यंत्रांचे, सायकलच्या नटाला एकही बसेना. एक लहानमोठा करता येणारा होता, तो जागचा हलेना. दर दसऱ्याला आई त्याला पुसायची आणि कुंकू लावायची. कशाने पुसायची? खोबरेलाने. वर्षानुवर्षांचं तेल आणि हळद आत दगडासारखं बसलं होतं. खालच्या टेम्पोवाल्याकडून थोडं डिझेल आणलं, पाना त्यात बुडवून ठेवला. बऱ्याच वेळाने तो फिरला. मला रडू आलं. बाबांची आठवण झाली म्हणून नाही. इतकी वर्षं तो नुसता पुजला, या रागाने.

रविवारी गॅलरीत सायकल उलटी टाकली. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. "गॅरेज काढलंस काय गं?" शेजारच्या काकी म्हणाल्या. मी पुस्तक उघडून शेजारी ठेवलं होतं. मागच्या चाकाचे नट सैल केले, चाक मागे ओढलं, चेन बोटाने दाबून पाहिली, नट आवळले. चाक तिरकं बसलं, एका बाजूला घासायला लागलं. पुन्हा सगळं सोडलं. पुन्हा बसवलं. आई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. मग आत गेली आणि फाटका परकर आणून माझ्या बाजूला टाकला, पुसायला. मी चेनची कडी न् कडी डिझेलने धुतली, शिवणयंत्राचं तेल थेंब थेंब सोडलं, वरचं पुसून काढलं.

चेन उतरायची थांबली. मी खूश होते. मला वाटलं, सुटले.

मग एका सकाळी पुन्हा तोच टॉवर आला. लिफ्टमध्ये मी हात उलटेपालटे करून पाहिले. नखं कापलेली, एक डाग नाही. तीच खुर्ची, तेच सासरे, बाही वर. नियम आहे आमचा, नमुना घेण्याआधी हात धुवायचे. शाळेत नखं दाखवतात तसे मी दोन्ही हात पुढे केले. आज आठवलं की अंगाची आग होते, पण केले.

"हात धुवायचे आहेत."

"खाली नळ आहे ना. तुला माहीत आहे."

"हात स्वच्छ आहेत, बाई."

"हो गं, दिसतंय. पण हे बेसिन घरच्यांसाठी आहे."

तेव्हा कळलं. इतके दिवस मी चेन धूत होते. चेनचा काही संबंधच नव्हता. काळे असोत की गोरे, हात माझे होते, एवढंच त्यांना पुरत होतं. आणि मी मूर्खासारखी त्यांच्या पसंतीला उतरायला पुस्तक पाठ करत बसले होते.

"मग मी रक्त घेणार नाही," मी म्हटलं.

बाईंनी सरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. सर म्हणाले, "ताई, या ना जाऊन खाली. कशाला वाढवताय?"

"नाही जाणार."

सासरे खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांना म्हटलं, "आजोबा, बाही खाली घ्या. चहा घ्या." बॅगेची चेन लावली आणि माणसांच्या लिफ्टने खाली आले.

लॅबमध्ये सर म्हणाले, उद्यापासून काउंटर. मी म्हटलं, कशासाठी ते सगळ्यांसमोर सांगा, मग बसते. त्यांनी अजून सांगितलेलं नाही. फेरी अजून माझ्याकडे आहे. किती दिवस राहील, माहीत नाही. गेली तर दुसरी लॅब शोधीन, सायकल तर माझीच आहे.

दसऱ्याला आईने पाना मागितला. मी बॅगेतून काढून दिला, तेलकट होता तसाच. "पुसून तरी दी," ती म्हणाली. मी पुसला नाही. दुसऱ्या दिवशी पाटावरून उचलला आणि कामाला निघाले.

आता दार उघडलं की मी नमस्काराच्याही आधी विचारते, बेसिन कुठे आहे? जे खालचा नळ दाखवतील, त्यांच्या घरात माझी बॅग उघडणार नाही.