प्रसूत संशोधक

परवा भाचीने नेलपॉलिशची बाटली उघडली आणि त्या उग्र वासाने मी थेट कल्याणच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन पोचलो. तिथे खोडायच्या पांढऱ्या शाईला असाच वास असे.

ठाण्याच्या मिठागरांवरचा माझा प्रबंध त्या संध्याकाळी सरांकडे पोचला नाही, तर वर्ष वाया जाणार होतं. सरांना प्रबंधात ‘मी’ चालत नसे. त्यात अहंकार दिसतो म्हणत. दारावरच्या पाटीवर मात्र त्यांच्या चार पदव्या होत्या. म्हणून मी सगळीकडे ‘प्रस्तुत संशोधक’ लिहिलं होतं. टायपिस्ट सुलभाताईंनी सगळीकडे ‘प्रसूत संशोधक’ टाइप केलं. प्रसूत संशोधक तीन महिने मिठागरांत हिंडला होता.

“ताई, अहो, हे काय केलंत?”

“तुमचं अक्षर तसं. शिवाय वर्षभर कण्हत होतात, वाटलं, झालात मोकळे.”

त्या पांढरी शाई लावत, मी फुंकर घालत होतो.

“‘स्तु’ मावत नाही हो इथे. ‘मी’ टाकू? जागाही उरेल.”

“सर फाडून टाकतील.”

शेवटी पेनाने एकेक ‘स्तु’ कोंबत गेलो.

सरांनी चष्मा पुसून पहिलं पान वाचलं. “आता भाषेला भारदस्तपणा आलाय,” म्हणाले आणि सही केली.

घरी येऊन सही झालेली प्रत पाहिली. पहिल्याच पानावर एक प्रसूत तसाच राहिला होता.

आता प्रबंध माझ्याकडे येतात. पहिलं पान मी दोनदा वाचतो, आणि ‘मी’ कधी खोडत नाही.