हवेत फेकलेलं जाळं

लकव्यानंतर माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, हलवला नाही तर खांदा कायमचा आखडेल. म्हणून पोरीनं टीव्हीला जोडायचा खेळ पाठवला. हातातला रिमोट हवेत फिरवला, की पडद्यावरचा बाहुला टेनिस खेळतो. माझा बाहुला इतका हरला, की आमच्या आरमोरी गावातल्या म्हशीही हसून हसून दुधाच्या आटल्या.

एका सकाळी तलावातले मासे विकणारा दारात थांबला. टोपली डोक्यावर, नजर टीव्हीवर.

"काय भाऊ, डास मारून राह्यले का?"

"व्यायाम आहे! हात वर जात नाई ना!" मी खेकसलो.

"नुसत्या हातानं कसा जाईन? आम्ही जाळं कमरेनं फेकतो. हात मांगून येते."

त्यानं टोपली उतरवली, पाय रोवले, कंबर वळवली आणि नसलेलं जाळं असं फेकलं, की सोफ्यासकट मीच तलावात ओढला जाणार होतो. मीही तसाच वळलो. हात थेट कानाशी! बाहुल्यानं जन्मातला पहिला गुण घेतला.

मी आनंदानं ओरडेपर्यंत तो टोपली उचलून पुढच्या दारात पोचलाही होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. आता डोक्यावरचे उरलेले बारा केस मी उजव्या हातानं विंचरतो, आणि विंचरताना रोज त्याचं भलं चिंततो.