पटावरचं नाव

आमच्या घरात देव्हारा नाही. अंगारा, गंडादोरा, नजर उतरवणं, असलं काही माझ्या वडिलांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही आणि मीही नाही. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मुलांना भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या शिक्षकांना मी झापलेलं आहे. तेव्हा वाचकांच्या अशा विचित्र अनुभवांच्या या सदरात मी लिहीन असं कुणी म्हटलं असतं तर हसलो असतो... पण माझ्या सुनेवर जो ठपका बसलाय तो तिचा नाही, आणि हे मी आता सांगितलं नाही तर माझ्यामागे सांगायला कुणी उरणार नाही.

मी नाशिकला सिडकोत राहतो. मुलगा अमोल कॉम्प्युटरवाला, सून स्नेहल, आणि नात संघमित्रा, घरात मितू. कोरोनानंतर अमोलचं काम कायमचं घरून सुरू झालं. मग दोघांनी पाथर्डी फाट्याचा फ्लॅट विकला, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली आणि सांगितलं, आता आम्ही गाडीतच राहणार.

"आणि पोरीची शाळा?" मी विचारलं.

"शाळा गाडीत, बाबा," स्नेहल म्हणाली. "भरती-ओहोटी समुद्रावर शिकेल, अपूर्णांक फणस कापताना."

"हजेरी कोण घेणार?"

अमोल हसला. "तुम्ही घ्या ना व्हिडिओ कॉलवर. तसंही रिटायर झाल्यापासून तुमचा हात शिवशिवतोय."

सगळे हसले. मी नाही. माझ्या वडिलांना वर्गाच्या बाहेर, पायरीशी बसवून शिकवलं होतं. मास्तर हजेरी घ्यायचे, त्यात त्यांचं नाव सगळ्यांत शेवटी, तेही कधी घ्यायचे, कधी नाही. त्या पायरीवरून आत यायला आम्हाला एक पिढी लागली. आणि माझी नात आपण होऊन बाहेर चालली होती.

देवळ्याच्या पुढे एका खेड्यात माझा विद्यार्थी देवरे शिक्षक आहे. त्याच्या शाळेचा पट इतका घसरला होता की एक शिक्षक कमी होणार होता. मितूच्या आधारची झेरॉक्स माझ्याकडे होतीच. अमोल-स्नेहलला न विचारता मी तिचं नाव तिसरीत घातलं.

देवरे म्हणाला, "गुरुजी, नाव राहील, पण पोरगी?"

"येईल एक दिवस. तोवर रोज तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं. घेतलं नाही तर ते असून नसल्यासारखं."

गुरूचा शब्द. तो रोज नाव घ्यायचा, कुणी उत्तर देत नसे, आणि तो हजेरी लावून पुढे जायचा.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. आवाज चोरटा होता. "गुरुजी, कुणीतरी 'हजर' म्हणतंय."

पोरं चेष्टा करतात, एवढंही कळत नाही का तुला, असं मी त्याला सुनावलं आणि सोमवारी एसटीनं तिथे गेलो. मागे खुर्ची टाकून बसलो. देवरेनं नाव घेतलं. मुलींच्या रांगेतून, जिथे जागा रिकामी होती तिथून, स्वच्छ आवाज आला. "हजर!" त्यातला 'ज' शीळ घातल्यासारखा निघाला. मी एकेका मुलीचं तोंड पाहिलं. कुणाचे ओठ हलले नव्हते.

"कोण बोललं?" मी दरडावलं.

पुढच्या बाकावरची एक पोर मागे वळून म्हणाली, "ती ना! आठेच बसेल शे, गुरुजी." इथेच तर बसलीय आणि मलाच दिसत नाही, याचं तिला हसू येत होतं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला. गाडी गोकर्णजवळ कुठेतरी होती. मितू हसली तर पुढचे दोन्ही दात गायब. "आबा, कालच पडले!" आणि 'आज' म्हणताना तीच शीळ.

त्या क्षणी मी ते नाव काढायला सांगायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. माझं पोर शाळेत बसलं होतं! दर सोमवारी मी देवळ्याची गाडी धरू लागलो. पुढे पाढ्यांच्या सुरात तो आवाज मिसळू लागला, कविता म्हणू लागला. मी मागे बसून ऐकायचो.

इकडे स्नेहलचे फोन यायला लागले. "बाबा, मितू सकाळी हाका मारल्या तरी ओ देत नाही. डोळे उघडे असतात, पण..."

"कधी?"

"नाश्त्यानंतर. साडेदहा-अकरा."

म्हणजे हजेरीची वेळ. मला कळलं होतं. मी म्हणालो, "ऊन लागत असेल. टोपी घाल तिला."

आधी थोडा वेळ, मग दुपारपर्यंत. उन्हाळ्याच्या आत मितू बोलायचीच थांबली. त्यांनी गाडी वळवली, नाशिकला आले. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. कान चांगले, मेंदू चांगला. बघायला येणारे पाहुणे चहा घेता घेता म्हणायचे, "फिरवलं पोरीला रानोमाळ. आईलाच हौस होती ना?" अमोलसुद्धा एकदा बोलून गेला. स्नेहल कप उचलून आत जायची. आणि मी, ज्याला माहीत होतं, पेपर वाचत बसायचो.

शेवटी देवरेला सांगितलं, नाव कमी कर. वाटलं, तिकडचं सुटेल, इकडे येईल. दुसऱ्या दिवशी हजेरीत ते नाव आलं नाही, तेव्हा ती पुढच्या बाकावरची पोर म्हणाली म्हणे, "ती उठीसनी गयी, सर." त्यानंतर वर्गात आवाज नाही. घरात मितूच्या शेजारी मी दिवसभर बसून राहिलो... तिथेही नाही. मी पुन्हा देवळ्याला गेलो, देवरेच्या हातापाया पडून नाव परत घ्यायला लावलं. त्यानं तीनतीनदा पुकारलं. वर्ग गप्प होता. पोरं माझ्याकडे बघत होती.

मितू आता दहाची आहे. भरवलं की खाते. ती इथेही नाही, तिथेही नाही. काय झालं, मला सांगता येत नाही. देवरेनं बदली मागून घेतली, तो या विषयावर बोलत नाही. कुणी जाणकार याला काही नाव देईलही, पण पडलेल्या दातांची ती शीळ मी कॉलच्या आधी ऐकली होती, त्याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

मागच्या आठवड्यात स्नेहलला सगळं सांगितलं. ती मितूची वेणी घालत होती. मला वाटलं ओरडेल, घराबाहेर काढेल. तिचे हात थांबले, एवढंच.

"तिथे कविता म्हणायची ती?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

वेणीचं टोक रबरात अडकवून ती म्हणाली, "तेव्हा सांगायचं ना, बाबा. मी रोज येऊन बसले असते तिथे."