माझ्या टेबलावर दुसऱ्याने लिहिलेला अर्ज

तक्रारदार : मी स्वतः, अर्जनवीस, शिक्षण आठवी, अनुभव पंचवीस वर्षांचा, बैठक रायपूरच्या कचेरीबाहेरील पत्र्याच्या शेडखाली.
गैरअर्जदार : संगणक दुरुस्त करणारा एक मिस्त्री. घराणे आमच्यासारखेच विदर्भातले. मराठी समजते, उत्तर हिंदीत देतो.
साक्षीदार : शेजारचा चहावाला, आणि बीरगांवची एक विधवा बाई, जिच्या घराचा प्रश्न होता.
काळ : नवे राज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती.

नावे मुद्दाम देत नाही. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत.

रायपूर राजधानी झाल्यावर शहरात साहेब वाढले, आणि साहेबांना हाताने लिहिलेला अर्ज वाचवेना असे नाही, पण टाइप केलेलाच बरा वाटू लागला. म्हणून मी एका कार्यालयातून निकाली निघालेला जुना संगणक घेतला, 'संगणकीय अर्ज' अशी पाटी लावली आणि पेन हाती धरणे सोडले. पहिला महिना यंत्राने माझा मान राखला. पुढे ते वाटेल तेव्हा थिजू लागले. अक्षरे जागच्या जागी, बाण हलत नाही, कळा बडवा, काही उपयोग नाही. बटण दाबून बंद करावे, पुन्हा सुरू करावे, तोवर लिहिलेले सर्व नाहीसे.

मी रीतसर माणूस आहे. प्रत्येक वेळेची नोंद मी वहीत केली : किती वाजता, ऊन की पाऊस, कोणता अर्ज, कोणते वाक्य, खाली चहावाल्याची सही. ती वही मिस्त्रीपुढे ठेवली. त्याने वही उघडली नाही, डबा उघडला. रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली, पंख्यावरची धूळ ब्रशने झाडली आणि म्हणाला, "गरमी से हैंग हो रहा है, अंकल."

"अंकल कोनाले म्हनतं रे? आन् थंडीतल्या सकाळी हँग झाला तो कायनं? वाच ना, लिहून ठेवलं आहे."

दुसऱ्या खेपेस त्याने आत टॉर्च धरला. मदरबोर्डवर उभी असलेली बारीक नळकांडी त्याने मला दाखवली. त्यांतल्या चारांची डोकी फुगली होती. "ये फूल गए हैं. बोर्ड बदलना पड़ेगा. तब तक दो-दो लाइन पे सेव मारते रहो."

सही किंवा अंगठा होण्याआधी अर्जाची प्रत यंत्रात जपायची नाही, हा माझा नियम. अर्धवट अर्ज भलत्याच्या हाती पडला तर पक्षकार बुडतो. हे त्याला समजावले, तर तो हसला. तेव्हा मी बजावले, "बोर्ड खराब आहे हे लेखी दे. तपासणी, कारण, खाली सही. मंग बदलू."

"मैं मिस्त्री हूँ, अंकल. लिखा-पढ़ी आपका धंधा है."

"लेखी नाही तं आपल्याले मान्य नाही."

तो चहा न घेता गेला. बोर्ड तसाच राहिला.

बीरगांवची बाई आली त्या दिवशी दुपारचे तीन वाजले होते. ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. घर सरकारी जागेवर आहे, सबब पाडण्यात येईल, अशी नोटीस तिच्या हाती होती. उत्तर त्याच दिवशी पाचच्या आत आवक खिडकीत पडले नाही तर तिचे म्हणणे ऐकले जाणार नव्हते. ही नोटीस तिने इतके दिवस तांदळाच्या डब्यात ठेवली होती. त्याबद्दल मी तिला सुनावले.

मी तपशीलवार उत्तर रचू लागलो : नवऱ्याची नोकरी, त्याचा मृत्यू, वीजबिल, राशनकार्ड. दुसऱ्या पानावर यंत्र थिजले. पुन्हा सुरू केले, तर पहिले पान संपताना थिजले. मिस्त्री कचेरीतच कुठे काम करीत होता. चहावाल्याने त्याला बोलावून आणले. त्याने पट्टी काढून बसवली, डब्याची एक बाजू उघडी ठेवली. साडेचार झाले. 'सविनय निवेदन'नंतर जेमतेम चार ओळी झाल्या, आणि बाण थांबला.

"भाऊ, खिडकी बंद होईल ना," बाई म्हणाली. "हातानं लिहून द्या."

"हातानं लिहिलेलं साहेब पाहत नाही, बाई. थांबा."

"माह्यं घर पडून राहिलं आन् तुमी थांबा म्हनून राहिले!"

मी बटण दाबले. यंत्र घरघरत उठत होते, तेवढ्यात मिस्त्रीने माझ्या टेबलावरचा माझा पेन आणि माझा कोरा कागद उचलला. "बोलो दीदी, क्या लिखना है?" ती सांगत गेली, तो लिहीत गेला. मैं विधवा हूँ. यही मेरा घर है. बिजली का बिल मेरे नाम पर आता है. बिना सुने मत तोड़िए. विषय नाही, संदर्भ नाही, प्रतिलिपी नाही. माझ्याच शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून बाई धावत गेली आणि पाचाच्या आत पोचपावतीचा शिक्का घेऊन परतली.

मला जो एक ओळ लिहून देईना, त्याने तिला चार दिल्या. हा माझा पहिला आक्षेप. दुसरा असा की त्याला अर्ज लिहिण्याचा काहीही अधिकार नव्हता. सुनावणी झाली हे खरे, घर वाचले हेही खरे. भनपुरीकडे जाताना एकदा वाट वाकडी करून मी ते पाहून आलो. दार निळे आहे. म्हणून अनधिकार अधिकार ठरत नाही.

त्या दिवसाची नोंद मी वहीत केली आणि सहीसाठी चहावाल्यापुढे धरली. त्याने ती पहिल्यांदाच नीट वाचली.

"मशीन रुकी, ये तो लिखे हो, बाबू. आप रुके रहे, वो कहाँ लिखे हो?"

त्याने सही केली नाही. ती जागा आजही रिकामी आहे, आणि शेडखाली लोक मला पाहून मिस्त्रीचा पत्ता विचारतात.

सबब, मिस्त्रीकडून मला खुलासा नको. त्याचे तोंडही पाहणे नको. विनंती आहे ती बीरगांवच्या बाईला. मिस्त्री त्या दिवशी तेथे नसता, तर पाच वाजण्यापूर्वी मी पेन उचलला असता, असे तिला वाटले होते किंवा कसे, एवढ्याचे उत्तर मिळावे. उत्तर 'नाही' असल्यास तेही कळवावे. ते तिने हवे त्याच्याकडून लिहून घ्यावे; मी स्वीकारीन.