खवट तेलाचा व्हिडिओ

लग्नानंतर दहा वर्षांनी मी लोह्यात लाकडी घाणा टाकला. तेल करडईचं आणि शेंगदाण्याचं. धंदा मला नवा होता, म्हणून जे शिकेन ते फोनवर लोकांना दाखवायचं ठरवलं. करडई जास्त पडली की मोटर बंद पडायची, तेही दाखवलं. पेंड न्यायला कुणी येईना, तेही सांगितलं. फोन जाऊबाई धरायच्या. सासूबाईंनी एकच अट घातली, स्वयंपाकघरात कॅमेरा यायचा नाही. ती मी पाळली.

हळूहळू बघणारे वाढले. उमरी, मुदखेडपासून थेट पुण्यापर्यंतच्या बाया लिहायच्या, ताई, आज मोटर चालली का? ओळख ना पाळख, तरी कुणीतरी आपली वाट बघतं, याची मला गोडी लागली. मागणी वाढली, तशी घाईही. घाण्याचं तेल आठवडाभर निवळू द्यावं लागतं. मी दुसऱ्याच दिवशी, गढूळ असतानाच बाटल्या भरल्या.

महिन्याभरात नांदेडच्या एका शिक्षिकेचा निरोप आला. तेलाला वास येतोय, माझंच काही चुकलं का, असं तिनं विचारलं होतं. मी घरातली बाटली उघडली. तेल खवट झालं होतं. चूक माझी, आणि ती बिचारी स्वतःकडं घेत होती. 

दुपारी घाण्यासमोर उभी राहून मी बोलले. मी घाई केली, त्या घाईत भरलेल्या बाटल्या वापरू नका, बदलून देते. जाऊबाईंनी शेवटपर्यंत फोन खाली घेतला नाही.

तासाभरात लातूरहून अप्पांचा फोन. माझ्या वडिलांचं तिथं किराणा दुकान आहे, त्यांचं सगळं आयुष्य गादीवर गेलं. "माय, तू धंदा करायलीस का स्वतःची बदनामी? माल गपचूप बदलून द्यायचा. गावभर सांगत न्हाईत." मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून सगळं दाखवलंय, आता हे कसं झाकू? त्यांनी फोन ठेवून दिला.

पुढचे दिवस वाईट गेले. कुणी हसलं, कुणी मागणी रद्द केली. एकानं लिहिलं, तेल विकण्यापेक्षा रडणं विक. मी दोन दिवस फोन हातात घेतला नाही. शिक्षिकेनं मात्र व्हिडिओखाली लिहिलं होतं की नवी बाटली मिळाली, मी पुढंही इथूनच घेणार. ते वाचून जाऊबाईंनी मला हाक मारली.

त्या रविवारी अप्पा एसटीनं लोह्याला आले. घाणा बघितला, करडई मुठीत घेऊन दातांखाली फोडून पाहिली. मग पोत्यावर बसले आणि जाऊबाईंकडं बघून म्हणाले, ते यंत्र आत ठेवा. जाऊबाई फोन घेऊन आत गेल्या.

मग अप्पांनी सांगितलं. तरुणपणी त्यांनी ओल लागलेला गूळ एका लग्नघरी दिला होता. चांगल्या ढेपी वर आणि ओलसर खाली. पंगतीतलं गोड आंबलं. घर नात्यातलं, त्यामुळं कुणी काही बोललं नाही.

"त्यांनी मला बोल लावला न्हाई," अप्पा म्हणाले. "तेच लई लागलं. अजून त्या गल्लीनं जात न्हाई मी."

 मी त्यांच्यासाठी चहा आणायला उठले, तर म्हणाले, बस जरा.

धंदा अजून लहानच आहे. गेलेल्या गिऱ्हाइकांतले काही परतले, काही नाही. तेल आता आठवडाभर पिंपात राहतं, आणि बाटल्या मिळायला उशीर का होतो हे मी दाखवते. अप्पांची गोष्ट व्हिडिओत सांगितली नाही. इथं लिहिली, ती त्यांना विचारून. ते म्हणाले, "हाव, लिही. गल्लीचं नाव घेऊ नको फक्त."